पानिपत : पहिले पुस्तक कोणते?



आम्ही कामगार संघटनेतली माणसे. शिक्षण सातवीत थांबले. पुढचे सारे वाचनालयाच्या बाकावर झाले. तरी हा विषय घेतला, कारण जिनिंग-प्रेसिंगमधली पोरे पाळी सुटल्यावर येऊन विचारतात, "भाऊ, पानिपतावर पयलं पुस्तक कोनतं वाचावं?" प्रश्न दिसतो तितका साधा नाही. पहिल्या पुस्तकाने मनावर उमटविलेले चित्र पुढची दहा पुस्तकेही सहसा पुसत नाहीत.

बहुतेकांच्या हाती आधी विश्वास पाटील यांची १९८८ सालची कादंबरी पडते. ती जरूर वाचावी. तिने या विषयाकडे जितके वाचक आणले तितके आम्हांला शंभर सभा घेऊनही आणता आले नसते. परंतु कादंबरीकाराला पात्रांच्या तोंडी संवाद घालण्याची मुभा असते, आणि नवखा वाचक तेच संवाद पुरावा म्हणून पानठेल्यावर ऐकवू लागतो. भाऊसाहेबांच्या बखरीचेही तेच. तिची मराठी अशी रसाळ की खाली ठेववत नाही. म्हणूनच ती मागाहून.

आमची कसोटी धंद्यातली आहे. पुस्तकात पगार आणि दाणागोटा यांचा हिशेब आहे काय, हे आधी पाहावे. १४ जानेवारी १७६१ चा दिवस सगळेच रंगवितात. पण १७६० च्या ऑगस्टात दिल्ली हाती आली तेव्हा फौजेचा खर्च भागेना, म्हणून सदाशिवरावभाऊंना दिवाण-इ-खासाचे रुप्याचे छत काढून नाणी पाडावी लागली. ऑक्टोबरात कुंजपुरा घेतला, तेथे धान्य मिळाले. तेवढ्यात अब्दाली यमुना उतरून दिल्लीच्या वाटेवर आला. डिसेंबरात रसदेची वाट पाहायची ते गोविंदपंत बुंदेले मारले गेले. लढणाऱ्यांबरोबर बायकामुले, यात्रेकरू, बुणगे, सारेच अडकलेले. शेवटी फौज बाहेर पडली ती उपाशीपोटी. हे सोडून जे पुस्तक नुसते नशीब आणि शौर्य सांगते, त्याला आमच्या कपाटात जागा नाही.

तेव्हा आधी गो. स. सरदेसाई यांच्या मराठी रियासतीतले पानिपत प्रकरण घ्यावे. सांगण्याची पद्धत सरळ आहे, घटनाक्रम डोक्यात बसतो. मग त्र्यं. शं. शेजवलकर. यांचा ग्रंथ १९४६ साली इंग्रजीत आणि १९६१ साली मराठीत निघाला. ते भाऊंची बाजू हिरिरीने मांडतात. पहिल्याच वाचनात भारावून जाण्याचा धोका आहे, म्हणून दुसरा क्रमांक. त्यांच्यावर उतारा म्हणून काशीराज वाचावा. हा शुजाउद्दौल्याच्या पदरी असल्याने पलीकडच्या छावणीतून पाहत होता. मात्र त्याने लिहिले १७८० च्या सुमारास, तेव्हा आठवणीला वीस वर्षांचा गंज धरलेला. राजवाड्यांनी १८९८ साली छापलेली पत्रे सर्वांत अस्सल, पण जुन्या भाषेची. कोणी जाणता जवळ असेल तरच काढावी.

नकाशा तर हवाच. आपल्याच अकोला जिल्ह्यातल्या अडगावला २९ नोव्हेंबर १८०३ रोजी इंग्रजांशी लढाई झाली, पंधरवड्यात गाविलगड पडला; आणि काही मराठी पुस्तकांत त्या अडगावचे 'अरगाव' झालेले सापडते, इंग्रजीवरून जसेच्या तसे उचललेले. असे नाव दिसले की समजावे, लेखकाने नकाशा उघडलेला नाही. दुकानात उभ्याउभ्या हे तपासायला पाच मिनिटे पुरतात, आणि दुकानदारही काही बोलत नाही.