खाऊचे पैसे आणि घरची कामे

(कुंभकोणम् येथे भरलेल्या मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषण)



मुलांनी घरात कोणती कामे करावीत आणि त्यांना खाऊचे पैसे किती द्यावेत, या विषयावर बोलण्याची आज्ञा कार्यकारिणीने आम्हांस केली, तेव्हा प्रथम आम्हांस थोडे हसू आले. आमचे सारे आयुष्य बँकेच्या खतावण्यांत गेले. दुसऱ्याच्या पैशांचा हिशेब कसा ठेवावा हे आम्ही सांगू शकू. पण स्वतःच्या घरातील एक हिशेब आमच्या हातून साफ चुकला आणि ती चूक ध्यानात यायला पुष्कळ वर्षे लागली. आज तीच गोष्ट सांगण्याचे योजिले आहे.

या विषयावर बोलण्यास कुंभकोणम् हे गाव अगदीच अयोग्य नाही. 1904 साली स्थापन झालेली कुंभकोणम् बँक, जी आज सिटी युनियन बँक म्हणून ओळखली जाते, ती इथलीच. (आम्ही तीत नव्हतो, निराळ्या बँकेत होतो.) आणि मुलाला पैशाविषयी काय शिकवावे याचा विचार ज्यांनी फार मोठ्या प्रमाणावर केला, ते सर टी. माधवराव याच गावी 1828 साली एका मराठी कुटुंबात जन्मले. त्रावणकोर आणि इंदूर येथील दिवाणगिरी करून 1875 मध्ये ते बडोद्यास गेले. त्याच वर्षी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा एक शेतकऱ्याचा मुलगा दत्तक घेतला जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला होता. तेच पुढचे सयाजीराव महाराज. या मुलाला राज्यकारभाराची अखत्यारी मिळण्याच्या सुमारास, 1881 साली, माधवरावांनी त्याच्यापुढे जी व्याख्याने दिली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध आहेत. राजवाड्याचा खर्च आटोक्यात ठेवावा, राज्याचा पैसा आणि आपली हौस यांची गल्लत करू नये, हा त्यांतील एक मुख्य धडा. म्हणजे एका परीने पाहिले, तर खाऊच्या पैशांचाच हा उपदेश. रक्कम तेवढी मोठी! गुरे आणि शेत यांच्यामध्ये वाढलेल्या मुलाला काम म्हणजे काय हे निराळे शिकवावे लागले नाही. आपल्या मुलांच्या बाबतीत मात्र ते शिकवावे लागते.

आम्ही 1974 साली बदली होऊन येथे आलो. जागा मिळाली ती एका रायर कुटुंबाच्या घरातला मागचा भाग. आपल्यापैकी जे अलीकडे आले त्यांच्यासाठी सांगतो : व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर घेतले, त्यानंतर कारभाराच्या निमित्ताने जी मराठी कुटुंबे या मुलखात येऊन स्थिरावली, त्यांचे हे वंशज. राज्य 1855 मध्ये संपले. पुढे शाळा तमिळ वा इंग्रजी, बाजार तमिळ, कोर्टकचेरी इंग्रजी. तरीही त्या घरातल्या आजी आमच्या कुटुंबाशी ज्या मराठीत बोलत, ती ऐकून आम्ही पहिल्या दिवशी थक्क झालो. तमिळ शब्द तीत होतेच, हेलही तिकडचा. पण बाई चुलीपाशी बसून बोलू लागल्या की आमच्या आजोळची कुणी म्हातारी बोलते आहे असे वाटे.

तीनशे वर्षे ही भाषा कशी टिकली, असे आम्ही एकदा त्यांना विचारले. त्यांना प्रश्नच कळला नाही. त्या म्हणाल्या, "राव, काम सांगायला नको का?"

तेव्हा आम्ही हे उत्तर हसण्यावारी नेले.

त्यांच्या घरी नातवंडे पाच. त्यांत मुलगे तीन. प्रत्येकाला वाटणी करून दिलेली : एकाने विहिरीचे पाणी शेंदायचे, एकाने कॉफीच्या बिया हातयंत्रात दळायच्या, एकाने पितळी समया चिंचेने घासायच्या. नाच्चियारकोविल येथून आणलेली पुरुषभर नसली तरी कमरेइतकी उंच समई होती, तिच्या घासणीला शुक्रवारी दोघे लागत. मुलींकडे पहाटेचा सडा आणि तांदळाच्या पिठाची रांगोळी, म्हणजे इथले कोलम्. या कामांबद्दल कुणाला पै मिळत नसे. पोंगलला वडीलधाऱ्यांच्या पाया पडले की नाणे मिळे, दिवाळीत मिळे, ते मातीच्या उंडियलमध्ये जाई. उंडियल म्हणजे आपला गल्ला.

आम्ही मात्र सुधारलेले! मुलांना पैशाची किंमत कळावी म्हणून आम्ही कामाला दर बांधून दिला. दुकानातून सामान आणले, गिरणीतून पीठ आणले, पोस्टात पत्र टाकले, तर फेरीमागे पाच पैसे. बाहेरची कामे अर्थात मुलाची. थोरली मुलगी घरात आईच्या हाताखाली असे; धान्य निवडणे, भाजी चिरणे, भांडी विसळणे, धाकट्याचा अभ्यास घेणे. या कामांना दर असावा असे आमच्या मनातही आले नाही. का आले नाही, याचे उत्तर आम्ही आजही प्रामाणिकपणे देऊ शकत नाही. आपल्या आईला कुणी दर लावला नव्हता, एवढेच.

1980 साली महामहम आले. बारा वर्षांनी येणारा हा सोहळा. जत्रेत खर्चायला मिळावेत म्हणून दोन्ही मुलांनी आपापले उंडियल फोडले. मुलाचे निघाले सव्वीस रुपये काही पैसे. मुलीचे साडेसहा. तिने आपली नाणी ओळीने लावली, त्याची मोजून पाहिली आणि आम्हांस विचारले, "बाबा, गहू गिरणीतून आणायचे पैसे मिळतात, मग गहू निवडायचे का नाहीत?"

ती तेरा वर्षांची होती. रडली नाही, रुसली नाही. बँकेत पासबुकातली चूक दाखवायला एखादा खातेदार येतो, तशी उभी राहिली.

आमच्या सौ. त्या वेळी स्वयंपाकघरात होत्या. त्यांच्या हातातल्या भांड्याचा आवाज थांबला, हे आम्हांस अजून आठवते.

त्या रात्री आम्ही दोघे बसलो आणि दर रद्द केले. घरची कामे दोघांत वाटून दिली, त्यांना मोबदला नाही. खाऊचे पैसे दोघांना सारखे, आठवड्याला एक रुपया, काम केले वा न केले तरी. हे सांगायला सोपे. मुलाने पहिले काही दिवस दुकानात जाणे जवळजवळ सोडूनच दिले. साखर आणायला सांगितली की पायात काटा रुते. दर लावलेल्या कामातला दर काढला की कामच नको होते, हे आमच्या ध्यानी आले ते असे. निवडलेल्या डाळीत खडे सापडत, ते त्याच्या पाळीचे असत. मुलगी मात्र सायकलवरून गिरणीत जाऊ लागली आणि परत येताना अर्धा तास जास्त लावू लागली. तिचा तेवढा हक्क होता.

पण खरी गोष्ट याच्याही पुढची आहे. आमची मुलगी आज दूर देशी आहे. ती आईशी तासभर मराठीत बोलते, आणि तिच्या बोलण्यात पाखडणे, विसळणे, खंगाळणे, आधण, ओगराळे असे शब्द सहज येतात. मुलगा चेन्नईत आहे. त्याचे तमिळ असे, की दूरध्वनीवर ऐकणाऱ्याला तो परप्रांतीय आहे हे कळणार नाही. याचा आम्हांस अभिमानच आहे. मराठी त्याला समजते. बोलायला लागला की मात्र तिसऱ्या वाक्याला अडतो. एकाच घरात, एकाच आईबापांच्या पोटी वाढलेल्या दोन मुलांत हा फरक कसा पडला, याचे आम्हांस नवल वाटे. शाळा दोघांची तमिळ मुलखातलीच. पुस्तके दोघांना सारखीच आणून दिली.

मग एके दिवशी आजींचे ते वाक्य आठवले. काम सांगायला नको का! घरात मराठी बोलली जात होती ती मुख्यतः काम करताना. ज्या वयात शब्द हाताला चिकटतात त्या वयात मुलगी चुलीपाशी होती, आणि मुलाला आम्ही पाच-पाच पैसे देऊन बाहेर पाठवीत होतो. एकीचे पैसे गेले, दुसऱ्याची भाषा गेली.

काम करताना बोललेले शब्द किती चिवट असतात पाहा. इथल्या तमिळ घरांतही 'जास्ती' आहे, 'तपाल' आहे, पाणी तापवण्याच्या मोठ्या भांड्याला 'गंगाळम्' म्हणतात ते आपले घंगाळच. रसवांगी इथे सर्वांच्या ताटात असते. त्यातली वांगी आपली आहेत हे वाढणारीला ठाऊक असो वा नसो. राज्य गेले, मोडी वाचणारे विरळ झाले, भांडी आणि भाज्या राहिल्या.

आता घरोघरी वाटणयंत्र आहे, कपडे धुण्याचे यंत्र आहे, भांड्यांना बाई आहे आणि तिच्याशी बोलणे तमिळमध्येच होते, व्हायलाच हवे. ही सोय वाईट असे आम्ही म्हणणार नाही, आमच्या सौ.चे गुडघे पाहिले तर तसे म्हणण्याचे धाडस होणार नाही. पण मुलांना आता करायला काम उरलेले नाही आणि पैसे तर मोबाइलवरूनच जातात. उंडियलमध्ये टाकायचे ते काय? चार आणे आणि त्याखालील नाणी 2011 मध्ये चलनातून गेली.

आमचा नातू, मुलाचा मुलगा, गेल्या उन्हाळ्यात महिनाभर आमच्याकडे होता. आजीने त्याला "पळी आण" म्हटले, तर तो बराच वेळ मांडणीपुढे उभा राहिला आणि शेवटी म्हणाला, "करंडी का?" आजी म्हणाली, "हो, करंडी. म्हणजे पळी." दुसऱ्या दिवशी त्याने पळी आणली, तिसऱ्या दिवशी झारा. त्याला आठवड्याला पन्नास रुपये मिळत होते, समया घासल्या तरी आणि नाही घासल्या तरी. त्याने त्या घासल्या, फारशा चांगल्या नाहीत. जाताना त्याने आम्हांकडून मातीचे एक उंडियल घेतले आहे. ते तो 2028 च्या महामहमाला फोडणार आहे, आणि त्यात किती निघाले ते आम्हांस मराठीत मोजून दाखवणार आहे, असे त्याच्या आजीशी ठरले आहे.