बिनरुळाचा डबा
(मंडळाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाषण हा माझा प्रांत नाही. मी सी अँड डब्ल्यूचा माणूस, पिट लाइनवर डब्याखाली वाकून बघणारा. पण कार्यवाहांनी गळ घातली की, मे 2024 मधे आम्ही अमेरिकेत मोटरहोमने जो प्रवास केला, त्याची आखणी कशी केली ते सांगा. जबलपूरच्या आपल्या बऱ्याच घरांतली मुलं आता तिकडे आहेत, कुणाला तरी उपयोग होईल. म्हणून उभा आहे.

मोटरहोम म्हणजे ट्रकच्या चासीवर बांधलेलं घर. बिछाने, शेगडी, फ्रिज, संडास, न्हाणी, पाण्याची टाकी, आणि खाली सांडपाण्याच्या दोन टाक्या. त्या दर दोन-तीन दिवसांनी ठरलेल्या जागी नळी लावून रिकाम्या करायच्या. आपल्याकडे डब्यात पाणी भरायला आणि बायो-टॉयलेट बघायला स्टाफ असतो. तिथे सीनियर सेक्शन इंजिनियर मीच आणि खलाशीही मीच!

माझे थोरले बंधू तिकडे असतात. दादाने दहा दिवसांचा बेत पाठवला: लॉस एंजेलिस, योसेमिटी, लास वेगास, झायन, ब्राइस, आर्चेस, मॉन्युमेंट व्हॅली, ग्रँड कॅनियन. बेत वाचून मला आपलं जुनं दुखणं आठवलं. टाइमटेबलमधे रिकव्हरी टाइम ठेवला नाही, तर एक गाडी अडली की मागच्या सगळ्या लेट. शिवाय योसेमिटीचा डोंगरातला रस्ता बर्फामुळे बहुधा मेअखेरीपर्यंत, कधी जूनपर्यंत बंदच असतो. आणि आमच्याबरोबर बाबा होते. वय 76, निवृत्त गार्ड. झोपेत श्वास अडकतो म्हणून रात्री मशीन लावूनच झोपतात. म्हणजे प्रत्येक मुक्कामी वीज हवीच.

मी फोनवर म्हटलं, "दादा, निम्मी ठिकाणं काप." तो चिडला. "बाबा पुन्हा कधी येणार? सगळं दाखवू दे." दोन आठवडे आमचं बोलणं जेवढ्यास तेवढंच होतं. मग मी त्याला एका कागदावर तक्ता करून पाठवला: मुक्काम, अंतर, समुद्रसपाटीपासूनची उंची, वीज आहे की नाही. लास वेगास 600 मीटर, झायन 1200, ब्राइस 2400, पेज गाव 1300, ग्रँड कॅनियन 2100. एकूण सुमारे 1300 किलोमीटर, अंधारात गाडी चालवायची नाही, आणि मधे एक दिवस पूर्ण मोकळा. उंचीचा रकाना बघून दादा गप्प झाला आणि मग म्हणाला, "ठीक आहे, तुझंच टाइमटेबल."

आता तळांविषयी. झायनच्या सरकारी तळावर वीज मिळते, पण आरक्षण सहा महिने आधी खुलं होतं आणि लगेच संपतं. ब्राइसच्या आतल्या तळांवर वीज नाही, म्हणून आम्ही बाहेर खाजगी तळावर राहिलो. ग्रँड कॅनियनच्या दक्षिण काठावर वीज-पाण्याचा वेगळा तळ आहे.

झायनहून ब्राइसला जाताना 1930 सालचा, पावणेदोन किलोमीटरचा बोगदा लागतो. 11 फूट 4 इंचांपेक्षा उंच गाडी त्याच्या कमानीत आपल्या बाजूला मावत नाही. आमची गाडी 12 फूट! तेव्हा 15 डॉलर भरून परवाना घ्यावा लागे. समोरची वाहतूक थांबवून गाडी मधोमध सोडत. बाबा खूष झाले. "अरे, हे तर ओडीसी! आणि सिंगल लाइन वर्किंग!" मात्र जून 2026 पासून एवढ्या मोठ्या गाड्यांना हा रस्ता बंद करण्याचा निर्णय पार्कने जाहीर केला. तेव्हा आता जाणाऱ्यांनी आधी गाडीची मापं घ्यावीत, आणि मोठी असेल तर लांबचा वळसा तक्त्यात धरावा.

ब्राइसला पहिल्याच रात्री बाबांचं डोकं दुखू लागलं, धाप लागली. मशीन लावूनही झोप नाही. बाहेर थंडी गोठवणारी. पहाटे दादा आणि मी गाडीबाहेर उभे होतो. ब्राइसचा दुसरा दिवस रद्द करून खाली पेजला उतरायचं ठरलं. पेजमधे डॉक्टरांना दाखवलं. ऑक्सिजन ठीक निघाला. तो मोकळा दिवस तिथेच विश्रांतीत गेला. दादा म्हणाला, "माझा बेत असता तर आज आपण बाबांना तीनशे किलोमीटर फिरवत असतो." मी काही बोललो नाही. तक्ता मी केला खरा, पण ब्राइसच्या आधी मधल्या उंचीवर एक मुक्काम हवा होता, तो माझ्याही लक्षात आला नव्हता.

पुढे जायचं की परतायचं हे बाबांवर सोडलं. ते म्हणाले, "सिग्नल मिळालाय ना? मग चला." ग्रँड कॅनियनच्या काठावर उभं राहिलं की नदी सुमारे दीड किलोमीटर खाली असते. बाबा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आपली नर्मदा भेडाघाटला निदान हाताला लागते!" पण त्यांचा जीव रमला तो तिथल्या स्टेशनात. विल्यम्स गावाहून तिथे 1901 मधे रेल्वे आली, 1968 मधे प्रवासी गाडी बंद पडली, 1989 मधे पुन्हा सुरू झाली. ओंडक्यांच्या त्या स्टेशनाबाहेर बाबा मनगटावरचं घड्याळ बघत गाडीची वाट पाहत बसले. गाडी आली तेव्हा गार्डच्या सवयीने हात वर गेला. पलीकडून त्यांच्या माणसानेही हात केला.

जाणाऱ्यांसाठी शेवटी तीन गोष्टी. एक, आपण नोकरदारांनी परदेश रजेचा अर्ज लवकर टाकावा. दोन, ज्येष्ठांचा प्रवास विमा घेताना जुने आजार लपवू नयेत. तीन, 2026 पासून परदेशी पाहुण्यांना पार्कांचा वार्षिक पास 250 डॉलरला आहे. तो नसेल तर मी सांगितलेल्या तिन्ही पार्कांत 16 वर्षांवरील प्रत्येकामागे नेहमीच्या प्रवेशाखेरीज 100 डॉलर जादा. हिशोब घरूनच करून निघा.

तक्त्याची प्रत हवी असेल त्यांनी आरतीनंतर भेटावं. बाबा पहिल्या रांगेत बसले आहेत. माझं काही चुकलं असेल तर तेही सांगतील!

गणपती बाप्पा मोरया!