बोट थांबली की उतरायचंच का?



आजचा विषय ऐकून तुम्हाला थोडं हसू येईल. बोलायचं आहे समुद्रावरच्या सहलीबद्दल, आणि बोलणारा आहे जांब समर्थचा! जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातलं हे आमचं गाव. मुंबईचा समुद्र इथून रस्त्याने चारशे किलोमीटरच्या पुढे. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली इथे झाला, म्हणून गावाचं नाव सगळ्यांना ठाऊक. समुद्राशी आमचा संबंध आला तोही त्या नावापुरता, आणि तो दुःखाचा. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ ही आगबोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीत बसून आराम करायचा, ही कल्पना आमच्याकडे अगदी अलीकडची.

पूर्वी बोटीत बसायचं ते कुठेतरी पोहोचण्यासाठी. कोकणातला चाकरमानी मुंबईच्या धक्क्यावरून बोट धरायचा. गावाजवळ आलं की बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची, आणि पडावातून सामानसुमान, पोरंबाळं किनाऱ्याला लागायची. आमचे जुने हाजी मुंबईहून जहाजाने जेद्दाला जायचे. वाटेत यलमलमची सीमा आली की जहाजावरच अंगावर इहराम चढायचा आणि मग डोळे लागायचे ते किनाऱ्याकडे. १९९५ नंतर आपल्याकडची ती जलवाहतूक थांबली. या दोन्ही उतारूंना ‘उतरायचं की नाही?’ असं कुणी विचारलं असतं, तर त्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

आता क्रूझ आली. २०१८ साली मुंबई–गोवा ‘आंग्रिया’ सुरू झाली, पुढे ती बंद पडली. २०२१ साली मुंबईतून ‘कॉर्डेलिया’ निघाली. या बोटींवर खाणंपिणं, गाणंबजावणं, झोपणं सगळं असतं. इथे मुक्काम म्हणजे बोटच, आणि किनारा वाटेवरचा थांबा. म्हणून तो नवा प्रश्न उभा राहिला : बोट थांबली की उतरायचं का?

हा प्रश्न मला पडला लक्षद्वीपला जाताना. २०१९ च्या फेब्रुवारीत मी, माझी पत्नी आणि माझी थोरली बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो, असे तिघे कोचीहून ‘एम. व्ही. कवरत्ती’ या सरकारी जहाजाने निघालो. पाच दिवसांची सहल. कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय ही तीन बेटं. दिवसा बेटावर जायचं, रात्री झोपायला परत जहाजावर यायचं, अशी व्यवस्था. लक्षद्वीपला जायला भारतीय माणसालाही परवाना लागतो, तो आधीच काढलेला होता.

कवरत्तीला सगळे उतरले. तिथल्या उजरा मशिदीचं लाकडी कोरीव छत पाहून आपा बराच वेळ मान वर करून उभी होती. दुसऱ्या दिवशी कल्पेनी आलं. जहाज बाहेर उभं राहिलं आणि खाली लहान होड्या आल्या. लाटेबरोबर होडी वर यायची, दोन खलाशी दोन्ही दंड धरायचे आणि होडी वर असतानाच ‘आता!’ म्हणून पाय टाकायचा. आमच्या गावात ‘सावधान’ हा शब्द ऐकून एक मुलगा बोहल्यावरून निघून गेला, ही कथा लहानपणापासून ऐकलेली. त्या दारात उभं राहिल्यावर त्या शब्दाचं वजन मला कळलं.

आपाचं वय तेव्हा सदुसष्ट, दोन्ही गुडघे दुखरे. तिने दोन लाटा पाहिल्या आणि म्हणाली, “मी येत नाही. तुम्ही जा.”

रांगेतले सगळे तिला समजावायला लागले. एवढे पैसे भरलेत, एवढ्या लांब आलात, पुन्हा थोडंच येणं होणार? यातलं एकही वाक्य तिच्या गुडघ्यांबद्दल नव्हतं, सगळी पैशांबद्दल होती. मी म्हटलं, “मग मीही थांबतो.” ती म्हणाली, “तू थांबलास तर दर तासाला मला चहा विचारशील आणि मला तुला. जा तू.”

संध्याकाळी आम्ही परतलो तेव्हा ती डेकवर खुर्चीत बसली होती. काय केलंस, विचारलं. म्हणाली, “काहीच नाही. जहाज रिकामं होतं. झोपले, उठले, समुद्र पाहिला. लग्न झाल्यापासून एवढा वेळ मला कुणी हाक मारली नाही.”

श्रोतेहो, आपण सहलीला जातो ते विश्रांतीसाठी, आणि तिथेही हजेरीपट भरत बसतो. हे पाहिलं, ते पाहिलं, इथे फोटो काढला. ज्या बाईला आयुष्यभर दुसऱ्यांच्या हाकेला ओ द्यावी लागली, तिच्यासाठी रिकामं जहाज हेच एक बेट असू शकतं. न उतरणं म्हणजे पैसे बुडाले असं नाही. तेही त्याच तिकिटात येतं.

पण ही झाली एक बाजू. दुसरी मला किनाऱ्यावर कळली. कल्पेनीत आम्हाला शहाळी देणाऱ्या गृहस्थांशी मोडक्या हिंदीत बोलणं झालं. मी सवयीने विचारलं, पाणी कसं आहे? मराठवाड्यातला माणूस कुठेही गेला तरी आधी हेच विचारतो. त्यांनी विहीर दाखवली. या बेटांवर नदी नाही. पावसाचं पाणी प्रवाळाच्या वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगत राहतो. जास्त उपसा केला की खारं पाणी वर येतं आणि विहीर बिघडते. पैठणचा नाथसागर पूर्ण भरला की सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर पसरतो. सगळ्या लक्षद्वीपची जमीन मिळून ३२ चौरस किलोमीटर. त्यातल्या दहा बेटांवर वस्ती, आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे माणसं चौसष्ट हजारांवर. कवरत्तीला २००५ साली समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प झाला. वरचं कोमट पाणी आणि खोलातलं थंड पाणी यांच्या तापमानातल्या फरकावर तो चालतो. दिवसाला एक लाख लिटर ही त्याची क्षमता. आपल्याकडच्या दहा हजार लिटरच्या टँकरच्या हिशेबात मोजलं तर दहा खेपा.

मला २०१३ चा उन्हाळा आठवला. जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळल्या होत्या, माणसं टँकरची वाट पाहत होती. त्या दिवसांत दारात पाहुणा आला की आनंद व्हायचा आणि त्याच क्षणी नजर हंड्याकडे जायची. पाहुण्याला ती नजर दिसू नये म्हणून घरची बाई धडपडायची. लक्षद्वीपच्या त्या गृहस्थांनीही शहाळं हसत दिलं. पण दारात पाणी नसताना येणारं हसू मी ओळखतो.

म्हणजे तिथे जाऊच नये का? असं मी म्हणणार नाही. आमच्यासारखे लोक येतात तेव्हा तिथल्या होडीवाल्याला, स्वयंपाक करणाऱ्याला, शहाळीवाल्याला चार पैसे मिळतात. शिवाय त्या बेटावर पाय ठेवला नसता तर ती विहीर मला कुणी दाखवली असती? पण दिवसा बेटावर आणि रात्री जहाजावर, या व्यवस्थेत मला शहाणपण दिसलं. शेकडो पाहुण्यांच्या आंघोळीचा भार त्या पातळ थरावर पडत नाही. पाहुण्याने जेवावं, पण मुक्काम टाकू नये, एवढी समज आपल्या दुष्काळी गावांतही असतेच.

तिसऱ्या दिवशी मिनिकॉयला समुद्र निवांत होता. आपा स्वतःच उठून दारात आली. तिथे १८८५ सालचं जुनं दीपगृह आहे. ती चढली नाही, खाली सावलीत बसून राहिली. ट्यूना मासा उकडून, धुरी देऊन, वाळवून तिथे ‘मास’ करतात. त्याबद्दल तिथल्या बायकांशी तिचं खुणांनी बोलणं चाललं होतं. दोघींनाही एकमेकींची भाषा येत नव्हती आणि दोघींचं काही अडत नव्हतं.

तेव्हा श्रोतेहो, कधी अशा सहलीचा योग आला तर जहाजाच्या दारात दोन प्रश्न स्वतःला विचारा. पहिला, माझं शरीर आणि मन आज उतरायला राजी आहे का? समुद्र खवळलेला असेल आणि खलाशी नको म्हणत असेल तर हट्ट धरू नका. दुसरा, ज्यांच्या दारात मी जातोय त्यांना मी झेपेन का? दोन्हींचं उत्तर हो आलं तर जरूर उतरा. परतायची वेळ घड्याळात नीट पाहून ठेवा, क्रूझ मागे राहिलेल्या माणसासाठी थांबत नाही. प्यायचं पाणी जहाजावरूनच भरून न्या आणि रिकामी बाटली आठवणीने परत आणा. छोट्या बेटावर कचरा टाकायला ‘गावाबाहेर’ अशी जागाच नसते.