वाळूचा साचा आणि मेणाचा साचा

(सुरत येथील खानदेशी कुटुंबांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



तापी खोऱ्यातील रेल्वेने नंदुरबार, धुळे, जळगाव भागांतून येथे आलेल्या आपल्यापैकी अनेकांचा चरितार्थ यंत्रमागावर चालतो. मागाचे एखादे दातेरी चाक तुटले की माग थांबतो. आणि जेथे मजुरी कापडाच्या मापावर ठरते, तेथे कारागिराची कमाईही त्याच क्षणी थांबते. ते चाक कसे घडते, हा म्हणूनच केवळ कारखानदाराचा प्रश्न नव्हे. मी कला शाखेचा पदवीधर. भट्टीजवळ गेलो तो माहिती गोळा करण्याच्या निमित्ताने. तेथे जे उमगले तेच सांगतो.

साध्या मागाची चाके बिडाची असतात. बीड ओतण्याची सर्वत्र रूढ पद्धत वाळूच्या साच्याची. लाकडी नमुना पेटीत ठेवून त्याभोवती बेंटोनाइट माती व पाणी मिसळलेली वाळू ठासतात. नमुना काढून घेतला की जी पोकळी उरते, तीत वितळलेला रस ओततात. भोक हवे तेथे वाळूचाच गाभा बसवितात. साचा दर वेळी मोडावा लागतो. परंतु नमुना शेकडो वेळा उपयोगी पडतो आणि वाळूही पुन्हा वापरता येते. कोल्हापूरच्या ओतशाळांनी इंजिनांच्या सुट्या भागांत नाव मिळविले ते मुख्यतः याच विद्येवर.

एक चूक मात्र वारंवार घडते. तुटलेले चाकच जोडून नमुना म्हणून वापरले जाते. बीड गोठून थंड होताना शेकडा सुमारे एक भाग आकसते. म्हणजे 300 मिलिमीटर व्यासाचे चाक जवळजवळ 3 मिलिमीटरने लहान होते. दाते नीट जुळत नाहीत, आणि पैसे मोजूनही माग पुन्हा अडखळतो. नमुना त्या मानाने मोठाच करावयास हवा.

दुसरी पद्धत मेणाची. ती आपणास परकी नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबाद येथे 1974 साली सापडलेला ताम्रयुगीन रथ व प्राणी या ओतकामाच्याच वस्तू आहेत, आणि त्या मेणाच्या पद्धतीने घडविल्या असे मानले जाते. सुरतेतील दागिन्यांच्या कारखान्यांतही मेणाच्या अंगठ्या झाडाच्या फांद्यांसारख्या जोडून त्यांवर प्लास्टर ओततात. तापविल्यावर मेण निघून जाते व त्या जागी सोने शिरते. पोलादाचा रस फार तप्त. त्यापुढे प्लास्टर टिकत नाही. तेथे मेणाला चिनी मातीसारख्या लेपाचे थरावर थर देऊन कवच बनवितात. वस्तू रेखीव निघते, तासकाम थोडे उरते. पण मेण ओतण्याचा धातूचा ठसा महाग, थर वाळविण्यास वेळ लागतो, आणि ही रीत लहान वस्तूंनाच परवडते.

तेव्हा एका चाकासाठी वाळू पुरे. शेकडोंनी लागणाऱ्या, गुंतागुंतीच्या लहान पोलादी भागांसाठी मेण. वाळूत ओल जास्त राहिली तर वाफ कोंडून वस्तूत छिद्रे पडतात, क्वचित रस उसळून माणूस भाजतो. धूळ तर दोन्हीकडे आहे. सिलिकाच्या सूक्ष्म कणांनी जडणारा फुप्फुसाचा विकार बरा होत नाही. आपला मुलगा ओतशाळेत कामास लागणार असेल, तर साचे फोडण्याच्या जागी धूळ ओढून घेणारी यंत्रणा चालू आहे काय, हे वडीलधाऱ्यांनी आधी स्वतः जाऊन पाहावे.