साडेसहा अंशांचा उतार

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



काल या व्यासपीठावर पाणीवाटपावर व्याख्यान झालं, उद्या ज्ञानेश्वरीवर आहे, आणि मधल्या दिवशी मी पिनबॉल घेऊन उभा आहे. संयोजकांना फोनवर विषय सांगितला तेव्हा पलीकडे थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "म्हणजे ते खेळायचं?" म्हटलं, हो, तेच. फक्त खेळण्याबद्दल मी कमी बोलेन. खेळ उघडून त्याच्या पोटात हात घालण्याबद्दल बोलेन, कारण गेली बारा-तेरा वर्षं रात्री जेवणं झाल्यावर मी तेच करत आलो आहे.

इथे पन्नाशीच्या पुढची मंडळी बरीच दिसताहेत. तुम्ही बगाटेल खेळला असाल. वरच्या टोकाला गोलाई दिलेला लाकडी पाट, त्यात ओळीनं आणि कमानीत ठोकलेले खिळे, उजवीकडे स्प्रिंगचा दांडा आणि मे महिन्याच्या सुट्टीत त्या गोळ्यांवरून झालेली भांडणं. खिळ्याला इंग्रजीत पिन म्हणतात, म्हणून पिनबॉल. हा पाट अठराव्या शतकातल्या फ्रान्समधून निघाला. 1871 साली अमेरिकेत सिनसिनाटी शहरातल्या माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी बगाटेलमधल्या सुधारणांचं पेटंट घेतलं, त्यात तो स्प्रिंगचा दांडा आला. 1931 साली शिकागोच्या डेव्हिड गॉटलीब यांनी 'बॅफल बॉल' बाजारात आणला. मंदीचे दिवस होते. एका पेनीत पाच-सात गोळ्या मिळायच्या आणि खिशात तेवढीच पेनी असायची. खेळ धो-धो चालला.

तोवर खेळणाऱ्याच्या हातात काय होतं? गोळी सोडायची, आणि फार तर पेटीला कोपरखळी मारायची. पुढचं सगळं नशीब. 1947 साली 'हम्प्टी डम्प्टी' यंत्रात हॅरी मॅब्ज यांनी विजेवर चालणारे सहा फ्लिपर बसवले. फ्लिपर म्हणजे बटण दाबताच उसळणारे ते छोटे पंख. पण तोवर यंत्रावर जुगाराचा शिक्का बसून गेला होता. न्यूयॉर्कमध्ये 1942 साली बंदी आली, आणि महापौर ला गार्डिया घण घेऊन यंत्रं फोडतानाचे फोटो छापून आले. बंदी चौतीस वर्षं टिकली. 1976 साली हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ आहे हे दाखवायला रॉजर शार्प या तरुण लेखकाला नगरपालिकेच्या समितीसमोर यंत्रापुढे उभं केलं. आधी जुळवून आणलेलं यंत्र असेल म्हणून सभासदांनी त्याला शेजारचं यंत्र घ्यायला लावलं. तो खेळला, आणि शेवटी म्हणाला, आता दांडा असा ओढतो की गोळी मधल्या गाळ्यातून जाईल. गोळी मधल्या गाळ्यातूनच गेली. बंदी उठली. त्यात नशिबाचाही वाटा होता हे त्यानंच पुढे कबूल केलं आहे. पण हे समितीला कुठे माहीत होतं?

आता मागच्या रांगेतल्या तरुणांकडे येतो. तुमचा पिनबॉल वेगळा. विंडोज एक्सपी, निळं-काळं अंतराळ, 'स्पेस कॅडेट'. एमएस-सीआयटीच्या क्लासमध्ये सर बाहेर चहाला गेले की अर्ध्या संगणकांवर तोच उघडा असायचा. तो मुळात मायक्रोसॉफ्टचा नव्हता. 1995 साली सिनेमॅट्रॉनिक्स नावाच्या कंपनीनं केलेल्या 'फुल टिल्ट' या खेळातलं ते एक टेबल. पुढे मायक्रोसॉफ्टच्या डेव्ह प्लमर यांनी ते विंडोज एनटीसाठी नव्यानं बसवलं. त्याच्या दोन गोष्टी मला फार आवडतात, आणि दोन्ही मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी सांगितल्या आहेत.

पहिली अशी. खेळाला वेगाची मर्यादाच घातलेली नव्हती. संगणक जेवढी चित्रं काढू शकेल तेवढी तो काढायचा. जुन्या संगणकाला तेवढं काम पुरून उरायचं. नवा संगणक मात्र एका गोळीपायी सगळी ताकद जाळत बसायचा. चेन यांनी सेकंदाला शंभर चित्रांचा बांध घातला आणि संगणक एकदम रिकामा झाला. दुसरी गोष्ट चौसष्ट बिटांच्या विंडोजची. त्यावर खेळ नेला तर गोळी भुतासारखी सगळ्यातून आरपार जायला लागली. दांड्यासमोर यायची, मग सावकाश खाली घसरत दांड्यातून, तळातून, टेबलाच्या बाहेर. चेन सांगतात, दोघांनी बसून शोधलं, पण बाहेरच्या कंपनीनं लिहिलेल्या त्या कोडमध्ये टिपणं जवळजवळ नव्हतीच. टक्कर ओळखणारा भागही धड सापडेना.

2021 साली एका हौशी माणसानं तोच खेळ यंत्रभाषेतून उलगडत उलगडत पुन्हा वाचता येईल अशा सी-प्लस-प्लसमध्ये आणला. तेव्हापासून तो लिनक्सवर चालतो, मॅकवर चालतो, कुठे कुठे चालतो. पगार नाही, साहेब नाही, मुदत नाही. विणलेला स्वेटर उसवून, लोकर गुंडाळून, तोच स्वेटर परत विणावा तसलं हे काम.

माझा उद्योग याच्या शेजारचा आहे. 2000 साली रँडी डेव्हिस यांनी 'व्हिज्युअल पिनबॉल' नावाचं सॉफ्टवेअर काढलं. त्यात टेबल तुम्ही मांडायचं: भिंत इथे, बंपर तिथे, फ्लिपर एवढा लांब. 2010 साली त्याचा मूळ कोडही खुला झाला आणि माझ्यासारख्यांची सोय झाली. पण टेबल मांडलं म्हणजे यंत्र झालं असं नाही. 1992 चं 'अ‍ॅडम्स फॅमिली' घ्या. वीस हजारांहून जास्त यंत्रं खपली, इलेक्ट्रॉनिक यंत्रांमध्ये तेवढी दुसऱ्या कुठल्याच पिनबॉलची खपलेली नाहीत. त्याचे नियम कागदावरून उतरवून घ्यायचे म्हटलं तर आयुष्य जाईल. ते यंत्रातल्या चिपमध्ये आहेत. म्हणून 'पिनमेम' नावाचा दुसरा एक प्रोग्राम मोटोरोलाच्या 6809 या जुन्या प्रोसेसरचं सोंग घेतो आणि चिपमधला मूळ प्रोग्राम त्यावर जसाच्या तसा चालवतो. तो प्रोग्राम विचारतो, अमुक नंबरचं बटण दाबलं गेलं का? आमचं टेबल सांगतं, हो, आत्ताच गोळी त्यावरून गेली. तो म्हणतो, मग तमुक दिवा लावा. आपण तीस वर्षांपूर्वीच्या लाकडी पेटीत नाही, हे त्या बिचाऱ्याला कळायला मार्ग नाही. (चिपमधल्या प्रोग्रामचे हक्क कुणाचे, हा प्रश्न आहेच. तो वकिलांच्या व्याख्यानासाठी ठेवू.)

म्हणजे यंत्राचं डोकं आपल्याला अस्सल मिळालं. पण गोळी? गोळी कुठल्याच चिपमध्ये नाही.

खरी गोळी पोलादाची, 27 मिलिमीटर व्यासाची, 80 ग्रॅम वजनाची. टेबलाचा उतार साधारण साडेसहा अंश. एवढ्याशा उतारावर गुरुत्वाकर्षणाचा जेमतेम नववा हिस्सा गोळीच्या वाट्याला येतो. गोळी घरंगळते, त्यामुळे त्यातलेही सातातले पाचच भाग तिला पुढे ढकलतात, उरलेले दोन तिला फिरवण्यात खर्च होतात. इथवर सगळं शाळेतलं आहे. भानगड पुढे आहे. खरा वेळ सलग वाहतो. संगणकाचा वेळ पावलं टाकत चालतो. समजा, गोळी सेकंदाला चार मीटर वेगानं निघाली आहे आणि संगणक सेकंदात साठ वेळा तिच्याकडे बघतो. दोन बघण्यांच्या मध्ये ती साडेसहा सेंटिमीटर पुढे गेलेली असते. वाटेत तीन मिलिमीटरची तार होती. मागच्या वेळी गोळी तारेच्या अलीकडे होती, या वेळी पलीकडे आहे. आपटली कधी? संगणकाच्या मते कधीच नाही. 'व्हिज्युअल पिनबॉल' सेकंदात हजार वेळा बघतं, म्हणजे पाऊल चार मिलिमीटरचं होतं. पण चार मिलिमीटरच्या पावलातूनही तारेला झालेली ओझरती टक्कर निसटू शकते. म्हणून तिथे नुसतं बघणं थांबवून गणित मांडावं लागतं: या पावलाच्या आत नेमक्या कोणत्या क्षणी गोळीचा मध्य तारेपासून त्रिज्येइतक्या अंतरावर येईल? तुम्ही नववी-दहावीत सोडवलेलं वर्गसमीकरणच ते. उत्तरं दोन येतात, एक शिरण्याचं आणि एक बाहेर पडण्याचं. लहान उत्तर घ्यायचं. गोळी तेवढीच पुढे न्यायची, आपटवायची, आणि उरलेल्या वेळासाठी पुन्हा तेच.

मी गोत्यात आलो तो थांबलेल्या गोळीपायी. धावणारी गोळी सोपी. फ्लिपर वर धरून ठेवला की गोळी त्याच्या खोबणीत येऊन निजते, आणि निजलेली गोळी संगणकाला भारी जाते. ती केसभर खाली येते, आपटते, केसभर वर जाते, पुन्हा खाली. सेकंदात हजार वेळा. पडद्यावर गोळी थरथरताना दिसायची, हीव भरल्यासारखी. मला ती थरथर बघवेना. मी सॉफ्टवेअरच्या माझ्या प्रतीत एक छोटा आकडा बदलला: एवढ्या वेगाखाली असेल तर टक्कर धरू नये. थरथर थांबली. मी खूश, झोपायला गेलो. दुसऱ्या दिवशी मुलगी खेळायला बसली आणि म्हणाली, "बाबा, गोळी चिखलात रुततेय." खरंच. खोबणीत निजलेली गोळी हळूहळू फ्लिपरच्या आत उतरत होती आणि अर्ध्या मिनिटानं खालून निसटत होती. टक्कर धरायची नाही म्हटल्यावर तिला अडवणार कोण? तीन आठवडे गेले त्यात. आता कोडमधल्या त्या ओळीच्या वर मी देवनागरीत लिहून ठेवलं आहे, 'येथे हात लावू नये.' डीपीच्या पत्र्यावर असतं तसं. कवटी तेवढी काढली नाही.

आणखी एक गंमत सांगतो. गणित बरोबर बसलं की टेबल मेलेलं वाटतं. एकाच जागेवरून, एकाच वेगानं गोळी मारली तर ती दर वेळी नेमकी तिथेच जाते. खऱ्या यंत्रावर असं होत नाही. रबर एका जागी झिजलेलं असतं, वॅक्सचा थर असतो, धूळ असते. म्हणून या सॉफ्टवेअरमध्ये गोळी आपटली की तिची दिशा किंचित बिघडवणारा आकडा दिलेला आहे. चूक मुद्दाम पेरायची, पण बेतानं. जास्त झाली तर खेळणारा म्हणतो, हे नशिबाचं काम. कमी झाली तर म्हणतो, हे कॅरमपेक्षा कंटाळवाणं आहे. न्यूयॉर्कच्या समितीनं चौतीस वर्षांनी निकालात काढलेलं भांडण मी रोज रात्री दशांश चिन्हानंतरच्या दुसऱ्या घरात उकरून काढतो.

रबराचंही तसंच. हळू आलेली गोळी रबरावरून छान उसळते, जोरात आलेली त्या मानानं कमी उसळते. वेग वाढेल तशी उसळी घटवणारा वेगळा आकडा आहे. फ्लिपरला तर ताकद वेगळी, परतीची ताकद वेगळी, वर पोचल्यावर धरून ठेवण्याचा जोर वेगळा, आणि बटण दाबल्यावर कॉइलला पूर्ण जोर यायला लागणारा वेळही वेगळा. हे सगळे आकडे मी कशावरून ठरवायचो? लोकांनी काढलेल्या चित्रफिती हळू करून बघायच्या आणि अंदाज बांधायचा. मी खरं पिनबॉल यंत्र कधी पाहिलंच नव्हतं. हसू नका. स्वयंपाकाचे कार्यक्रम बघून पुरणपोळी लाटणारे लोक असतात, त्यातला मी.

तीन वर्षांपूर्वी मुलगी कॅलिफोर्नियात गेली, आम्ही तिच्याकडे राहायला गेलो, आणि तिनं मला सॅन फ्रान्सिस्कोच्या पलीकडे अलामीडाला नेलं. तिथे पॅसिफिक पिनबॉल म्युझियम आहे. एकदा तिकीट काढलं की कोणत्याही यंत्रावर कितीही वेळ खेळा. मी 1970 च्या दशकातल्या एका यंत्रासमोर उभा राहिलो. दांडा ओढला, सोडला. पहिली गोळी सरळ खाली गेली. दुसरीही. तिसरीला मी उतावळेपणानं पेटी हलवली. आत एक लंबक टांगलेला असतो, तो कड्याला टेकला की यंत्र रुसतं. ते रुसलं. दिवे गेले, काचेवर 'टिल्ट' अशी अक्षरं उजळली. नऊ-दहा वर्षं मी ज्याचा कोड चाळत होतो ते समोर होतं, आणि माझ्या हातांना त्यातलं काही येत नव्हतं.

मग हळूहळू लक्षात यायला लागलं. डावा फ्लिपर उजव्यापेक्षा थोडा आळशी होता. बटण दाबल्यावर तळहातात ठक्क असा दणका बसायचा, तो चित्रफितीत नव्हताच. आणि गोळीला आवाज होता, लाकडावरून घरंगळण्याचा, वेगाप्रमाणे बदलणारा. डोळे मिटले तरी ती कुठे आहे ते कळत होतं. मुलगी कंटाळून कॉफी प्यायला गेली, परत आली, पुन्हा गेली. संध्याकाळपर्यंत मला गोळी खोबणीत निजवता यायला लागली होती.

परत आलो त्या रात्री जेटलॅगनं झोप येत नव्हती. संगणक उघडला आणि माझ्या टेबलातल्या डाव्या फ्लिपरची ताकद शंभरात तीन भाग कमी केली. पुतण्या हल्ली सुट्टीत येऊन खेळतो. त्याची तक्रार असते, "काका, डावीकडचं जरा नीट करा ना." मी म्हणतो, बघतो.