हाताला कळणारे सण

बीड जिल्ह्यांतील वडवणीकडे पोळा जवळ आला कीं मुलें काळी माती आणून बैल करतात. शिंगें वांकडी होतात, पाय तुटतात. पण पोळा म्हणजे काय, हें त्या मुलांना निराळें समजावून द्यावें लागत नाहीं. धर्माची पहिली ओळख पोथींतून क्वचितच होते. ती हातांतून, नाकांतून आणि जिभेवरून होते. याचें फार बोलकें उदाहरण याच महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, आजच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर सांपडतें. तें म्हणजे बेने इस्रायल या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजाचें.

त्यांची परंपरा सांगते कीं, अलिबागजवळ नवगांवापाशीं एक गलबत फुटलें आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या. ग्रंथ समुद्रांत गेले. पुढें हीं कुटुंबें तेलाचे घाणे चालवूं लागलीं. शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनवार तेली हें नांव पडलें. हिब्रू भाषेचें ज्ञान जवळजवळ लोपलें, तरी सण टिकले. ते कसे टिकले, हें त्यांच्या जुन्या नांवांवरूनच कळतें. श्रोत्यांपैकीं कित्येकांना हीं नांवें प्रथमच ऐकावयास मिळत असतील. नव्या धान्याची खीर करावयाची तो खिरीचा सण. दारें लावून घरांत उपास करावयाचा तो दारफाळणीचा सण. आंबट रसाचें मडकें झांकून ठेवावयाचें तो अनाशी धाकाचा सण. यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन, तो बिरड्याचा सण. कारण त्या दिवशीं मोड आलेल्या वालांचें बिरडें खावयाचें. खीर, दार, मडकें, वाल! असल्या नांवांचा सण कोणतें मूल विसरेल?

आजच्या आयांना यांतून पुष्कळ घेण्यासारखें आहे. चार वर्षांच्या मुलापुढें मोड आणलेल्या वालांची परात ठेवावी. अंगठ्यानें दाबतांच साल सुळकन् निघते आणि गुळगुळीत डाळिंबी हातांत येते. मुलाचा हात त्या कामांत रमला कीं आजीनें मंदिराची गोष्ट सांगावी. शोकाची गोष्ट अशा संथ कामांतच नीट ऐकूं येते.

शब्बाथ संपतांना हवदाला नांवाचा विधि होतो. त्यांत सुवास घेणें हें विधीचेंच अंग आहे. त्यासाठीं चांदीच्या नक्षीदार डब्या मिळतात खऱ्या, पण त्या कपाटांत शोभतात; मुलाच्या हातीं कोणी देत नाहीं. त्यापेक्षां एक मोसंबें घ्यावें. मोठ्या माणसानें विणकामाच्या सुईनें भोंकें पाडून द्यावीं आणि मुलानें एकेका भोंकांत एकेक लवंग दाबून बसवावी. फळ हळूहळू सुकतें, आकसतें, पण वास कित्येक आठवडे राहतो. अगदीं लहान मूल लवंग तोंडांत घालणार नाहीं, एवढी नजर मात्र ठेवावी. याच विधीची वेणीसारखी मेणबत्तीही घरीं होते. बारीक मेणबत्त्या कोमट पाण्यांत मऊ करून त्यांची तीनपदरी वेणी घालावी. पेटल्यावर ती मोठ्यांच्याच हातीं असावी. मुलानें आपलीं बोटें त्या उजेडांत धरून नखांवरची चमक पाहावी. तशी रीतच आहे.

शुक्रवारच्या संध्याकाळीं द्राक्षारसाऐवजीं या समाजांत काळ्या मनुकांचें सरबत चालत आलें आहे. मनुका कुस्करण्याचें काम मुलाकडे द्यावें, सदऱ्याची आशा सोडावी. पुरीमला, जुन्या नांवानें होळीच्या सणाला, एस्तेरच्या पोथींत दुष्ट हामानाचें नांव आलें कीं मुलें गोंगाट करून तें बुडवितात. दोन करवंट्यांत चिंचोके भरून, त्या एकमेकींवर ठेवून फडक्यांत घट्ट शिवल्या कीं त्यासाठीं उत्तम खुळखुळा होतो.

वल्हांडणाचीही तीच गोष्ट. पुण्यास १८७४ सालीं छापलेल्या मराठी हग्गादा या पुस्तकांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रियांचें चित्र आहे. त्या लुगडीं नेसलेल्या आहेत! पिठावर पाणी पडल्यापासून १८ मिनिटांच्या आंत ती भाकर भाजून झाली पाहिजे, असा नियम आहे. मुलास घड्याळापाशीं बसविलें कीं नियमाचा खेळ होतो.

१९४८ नंतर या समाजांतील बहुतेक कुटुंबें इस्रायलला गेलीं. महाराष्ट्रांत उरलेलीं कांहीं हजार माणसें मुख्यतः मुंबई-ठाण्याकडे आहेत. अश्दोदला किंवा दिमोनाला वाढणाऱ्या नातवंडाला आजीपेक्षां हिब्रू कितीतरी चांगलें येतें. ग्रंथांची उणीव आतां राहिलेली नाहीं. उणीव पडेल ती ‘बिरडें’ या शब्दाची, आणि तो शब्द पुस्तकांतून देतां येत नाहीं.

एलियाहू हनाबीचे आभार मानण्यासाठीं हा समाज मलिदा करतो. भिजविलेले पोहे, खोवलेला नारळ, साखर, वेलची आणि भोंवतीं फळें. नारळ मोठ्यांनीं खोवावा, पोहे मुलानें कालवावे. हात लहान असल्यामुळें थोडे पोहे ताटाबाहेर सांडतील. ते वेंचावयासही त्यालाच सांगावें.