ढोबळी मिरची आणि घरी राहिलेली माणसे

(महिला मंडळाच्या जून महिन्यातील सभेत केलेले भाषण)



आमच्या परसबागांतल्या लाल ढोबळी मिरचीचा फोटो पाहून आपल्यापैकी अनेकांनी विचारले, "ह्या मिरच्या बाजारात जातात ना? मग लोकांचे स्थलांतर थांबले असेल." प्रश्न प्रेमाने विचारला आहे, म्हणून उत्तर सरळ देते. नाही. दारातल्या पाच-सहा रोपांनी कोणाचे स्थलांतर थांबत नाही.

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुवा भागातून दिवाळी झाली की बरीच कुटुंबे ऊसतोडीला, बांधकामाला बाहेर पडतात. पाड्यावर उरतात आजी-आजोबा आणि काही नातवंडे. ढोबळीचा हंगामही नेमका तोच. ह्या झाडाला उष्णता सोसत नाही. दिवसाचा पारा 32 अंशांच्या वर गेला आणि रात्रीही उकाडा राहिला, की फुले गळतात. म्हणून बी ऑगस्टमध्ये टाकायचे, महिना-सव्वा महिन्याने रोपे लावायची, म्हणजे नाताळाच्या सुमारास भरपूर फळे मिळतात. खड्डे खणणारी सून तोवर निघून गेलेली असते. पाणी आजीच घालते.

मग ढोबळीच का? नंदुरबार तर लाल मिरचीच्या बाजारासाठी प्रसिद्ध. एका आजींनी पहिली फोड चाखली आणि म्हणाल्या, "बाई, हिचं तिखट कोणी चोरलं?" पण तिखट नाही हाच तिचा उपयोग. तीन वर्षांचे लेकरू गावठी मिरची खाणार नाही, ढोबळीची फोड मात्र हातात घेऊन कच्ची खाते. शंभर ग्रॅम हिरव्या कच्च्या ढोबळीत साधारण 80 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते, लाल पिकलेलीत त्याहून बरेच जास्त. भाकरी आणि डाळीतले लोह अंगी लागायला ते मदत करते. शिजवले की त्यातले बरेच जाते, म्हणून कच्ची फोड. हिरवी आणि लाल ह्या दोन जाती नव्हेत. तेच फळ आणखी दोन-तीन आठवडे झाडावर ठेवले की रंगते. तेवढा धीर नातवंडांना नसतो, ही गोष्ट वेगळी.

पेरणाऱ्याच्या दाखल्यावर डिप्लोमाच्या वर्गात मी पानेच्या पाने लिहिली. त्यात पाखरे आहेत, खडक आहे, काटे आहेत, बकरी नाही. आमच्याकडे पहिला शत्रू बकरी, आणि काटे तर आम्ही मुद्दाम आणतो. बोरी-बाभळीच्या काट्यांचे कुंपण नसेल तर रोप एक रात्रही टिकत नाही.

दुसरी अडचण पाण्याची. दोन दिवस कोरडे आणि तिसऱ्या दिवशी बादलीभर, असे झाले की फळाचे बूड काळे पडून कुजते. आजींना वाटते रोग आला. रोग नव्हे; पाण्याचा ताळ सुटला की झाडाने घेतलेला चुना फळापर्यंत पोचत नाही. रोज थोडे पाणी, तांदूळ धुतलेलेही चालते, आणि बुंध्याशी सागाच्या पानांचे आच्छादन, एवढ्याने बरेच भागते. पाने आकसून गोळा झाली, म्हणजे बोकड्या आला, तर फुलकिडे किंवा कोळी पाहायचे. लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम कुटलेली लिंबोळी रात्रभर भिजवून, गाळून फवारायची.

आता बियांविषयी, कारण दानाचा प्रश्न तिथेच येतो. "एकदा बी दिले, की पुढे त्यांचे ते धरतील," असे आपल्याला वाटते. पण शेजारी गावठी मिरची असते. मधमाश्या दोन्हीकडे फिरतात. यंदाचे फळ गोडच लागते, पण त्याचे बी धरले तर पुढच्या वर्षी तिखट झाड उगवू शकते. संकरित वाणाचे बी तर मुळातच तसेच्या तसे उतरत नाही. फुलांवर मलमलची पिशवी बांधून शुद्ध बी धरता येते, पण त्यासाठी साधा वाण हवा आणि रोज लक्ष द्यायला माणूस हवा. माणसेच तर गेलेली असतात. म्हणून बी दरवर्षी घ्यावे लागते.

आपली मंडळी नाताळात मोकळ्या हाताने देते, त्याबद्दल उपकार मानते. पण ते पैसे हाती येईपर्यंत जानेवारी उजाडतो. तेव्हा लावलेले रोप मार्चच्या उन्हात फुलते आणि फुले मातीत पडतात. तेच दान जुलैअखेर मिळाले तर फळे आजीच्या दारात लागतील. रक्कम तेवढीच असू द्या, फक्त लवकर द्या.

आणि स्वयंपाकघरातल्या तेलाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, वाळवून पाठवा. बुडाला भोके पाडून रोपे आम्ही त्यातच करतो.